फाट्यावरची डहाळी

अर्ध मॅरेथॉनमध्ये मोतीबाई लेकीच्या बरोबरीने धावत होती. पण फाटा आला की ती थांबायची, कडेच्या कडुलिंबाची डहाळी मोडायची, जायचं नाही त्या रस्त्यावर आडवी टाकायची आणि मग पुन्हा पळायला लागायची.

नंदुरबारच्या वसतिगृहात वाढलेल्या रविनाला हे काही कळेना. "आई, काय चाललंय तुझं? प्रत्येक फाट्यावर माणूस झेंडा घेऊन उभा आहे. कोण चुकणार आहे इथे?"

"तुझा बा मागे आहे," एवढंच म्हणून मोतीबाई पुढे गेली.

मोतीबाईचा तिसरा नंबर अर्ध्या मिनिटाने हुकला. रविना रागाने आईपासून लांब जाऊन बसली.

वेळ संपली. मंडप उतरायला लागला. झेंडेवाले टेम्पोत बसून परत आले, तरी तिच्या बापाचा, इंद्रसिंगचा पत्ता नव्हता. आता मात्र रविना रस्त्यावरून नजर हलवेना.

तासाभराने तो लंगडत आला. मागे नऊ अनोळखी माणसं होती.

"फाट्यावर कोणीच नव्हतं. ही मंडळी कुठे जायचं म्हणून उभी होती," तो धापा टाकत म्हणाला. "मी म्हटलं, चला, माझी बायको इकडूनच गेलीये."

रविनाने मोबाइलवर पुढची शर्यत शोधली. "आई, डिसेंबरात तळोद्याला आहे. तिघांची नावं देऊ?"

मोतीबाईने अंतर विचारलं नाही, बक्षीसही नाही.

"तिथे फाट्यांवर झाडं आहेत का गं?"