कमरखाची फोड

उचकी थांबेना. पाणी पाजून झालं, पाठ चोळून झाली, श्वास रोखून धरायला लावून झालं. दर उचकीला वेन-लाँगचा पलंग करकरत होता. थोरला भाऊ छ्यू-मू खुर्चीत बसून हसत होता. "बघ, तुझं हावरटपण गेलं नाही. दोन फळं कुणी एका दमात खातं का?"

तासाभरानं वेन-लाँगनं त्याला "बाबा" म्हणून हाक मारली, तेव्हा छ्यू-मूचं हसू मावळलं. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वेन-लाँगच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मग त्यांची नजर बशीवर गेली. पाच टोकांची एक फोड बशीत उरली होती.

"कमरख? हे यांनी खाल्लं?"

"माझ्याच बागेतलं आहे," छ्यू-मू जरा तोऱ्यातच म्हणाला. "चोलानहून पहाटेच्या बसनं घेऊन आलो. फवारणीचा थेंब नाही त्याच्यावर."

बाईंनी पुढचं ऐकलंच नाही. त्या दारातूनच नर्सला हाका मारू लागल्या. तेवढ्यात वेन-लाँगची बायको सू-छिन जेवणाचे डबे घेऊन वर आली. बशी बघून ती मटकन खाली बसली.

"भावोजी, किडन्या गेल्यात त्यांच्या. चार वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तुम्हाआम्हाला हे फळ बाधत नाही, यांना मात्र ते विष आहे."

छ्यू-मूला कुठलं माहीत असायला. चुलतभावानं फोनवर सांगितलं होतं, न्यूमोनियानं ताइचुंगच्या दवाखान्यात ठेवलंय, एवढंच. सुया टोचून टोचून फुगलेला हात वेन-लाँगनं पांघरुणातून बाहेर काढला नव्हता.

दोघा भावांचं बोलणं तुटलं ते बापाच्या शेवटच्या आजारात. बाप वेन-लाँगचं नाव घेत होता. वेन-लाँगनं फोनवर सांगितलं, तापानं फणफणलोय, उठवत नाही. त्याच दिवशी गावातल्या एकानं त्याला कीलुंगच्या बंदरावर गळ टाकून बसलेला पाहिलं. बाप वाट बघत गेला. सातव्या दिवसाच्या पूजेला सगळ्या भावकीसमोर छ्यू-मू म्हणाला, "तुझ्या दुखण्याचं नाव पुन्हा माझ्यापुढे काढू नकोस." त्यानंतर दोघांनीही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. छ्यू-मूचा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि एकदा चढला की उतरायचं नाव नाही.

आज तरी तो कुठला विरघळून आला होता? निघताना बायकोला सांगून आला होता, "एकदाच जातो. तोंड फिरवलं त्यानं, तर विषय संपला."

सकाळी सू-छिन डबे आणायला घरी गेली तेव्हा त्यानं खिशातल्या चाकूनं पहिलं कमरख चिरलं आणि फोड स्वतःच्या हातानं भावापुढे धरली.

"नको दादा," वेन-लाँग म्हणाला. "मला हे चालत नाही. तब्येत जरा..."

"तुझी तब्येत बरी वेळेवर बिघडते."

छ्यू-मूनं फोड बशीत टाकली, टोपी डोक्यावर चढवली आणि तो उठला. वेन-लाँग त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"बस," तो म्हणाला. "आण इकडे."

त्यानं ते अख्खं फळ खाल्लं. बोटं चाटली. म्हणाला, बाबांनी लावलेल्या झाडाचं दिसतंय, आणखी एक काप. दुसरं धुवायला छ्यू-मू बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून उगाच उभा राहिला. वीस वर्षांत इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी वेन-लाँगला झटके आले. त्याला खाली अतिदक्षता विभागात नेलं, रात्रभर रक्त धुतलं. सकाळी तो गेला.

सामान आवरायला छ्यू-मू खोलीत परतला. चपला, चष्मा, थर्मास. कुणावर तरी ओरडायचं म्हणून तो ओरडला, आणि समोर शेजारच्या पलंगावरचे म्हातारे श्यू काकाच होते.

"इतकी वर्षं उपचार केले, आणि इतकं साधं कुणी त्याला सांगितलं नाही? माहीत असतं तर त्यानं तोंडाला तरी लावलं असतं का?"

"त्याला माहीत होतं," श्यू काका म्हणाले. त्यांच्याही दंडावर डायलिसिसच्या सुयांच्या गाठी होत्या. "आम्ही दोघं एकाच दिवशी डायलिसिसला यायचो. पहिल्या दिवशीच सांगतात ते, नवीन आलेल्यांना तोच बजावायचा."

छ्यू-मूनं हातातलं चष्म्याचं घर खाली ठेवलं.

"तुम्ही बेसिनवर होतात तेव्हा मी पडदा सारला. म्हटलं, अरे वेड्या, खरं सांग की त्याला. नाहीतर मी घंटी दाबतो." म्हाताऱ्यानं नाक पुसलं. "दाबायला हवी होती. नाही दाबली. जन्मभर खात राहील मला ते."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, काका, एकदा आजाराचं खोटं बोललोय मी. आता खरं सांगितलं तरी ती सबबच. माझ्या भावाला मी ओळखतो. आज नको म्हटलं, तर तो पुन्हा यायचा नाही."

आलो असतो, असं छ्यू-मूला म्हणायचं होतं. दोनदा त्यानं तोंड उघडलं. पण खोटं बोलणं त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

तो खरंच आला नसता.