चंद्राची ऊब

पावणेनऊ वाजून गेले, तरी चंद्राच्या जागेचा आणि आजूबाजूच्या आभाळाचा तापमानाचा आकडा सारखाच येत होता. विजया गावितने तिसरा सेन्सर लावून पाहिला. चंद्र डोळ्यांना दिसेनासा होऊन अकरा वर्षं झाली होती. पण आभाळभर साचलेल्या धुरक्याआडून त्याची ऊब पठारावरचे हे सेन्सर बरोबर टिपत, आणि त्यांच्या भरवशावर खालच्या गावच्या बायका संकष्टी सोडत. आजही त्या मोदकांची ताटं घेऊन केंद्राच्या कुंपणापाशी ताटकळल्या होत्या.

"उगवला का गं, पोरी?" सरूमावशींनी विचारलं.

विजयाने सेन्सरपुढे आपला तळहात धरला. आकडा लगेच तेहतीस अंशांवर गेला. म्हणजे सेन्सर धडधाकट होता. ज्या वाटेने चंद्राची ऊब खाली यायची, त्याच वाटेने जमिनीची धग रात्री वर निघून जायची. ती वाटच आता बुजली होती; धग खालीच कोंडणार होती.

"उगवला, मावशी," ती म्हणाली.

बायकांनी कोऱ्या आभाळाला हात जोडले. सरूमावशींनी तिच्या हातावर मोदक ठेवला. विजयाचाही सकाळपासून कडक उपास होता. तिने मोदक कपाळाला लावला आणि न खाता यंत्राशेजारी ठेवून दिला.