ओट्टोचा मळा

"आज मी सही केली, की ओट्टो मेला," हेडविग म्हणाली. चर्चला जायचा काळा कोट तिने आज बुधवारीच अंगात घातला होता.

वसुधा कडेवरच्या शुभाला थोपटत जिन्यात उभी राहिली. दोन वर्षं ती आणि श्रीरंग हेडविगच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. श्रीरंगची पीएच.डी. स्टुटगार्टला चालली होती, आणि वसुधाचं जर्मन खाली हेडविगच्या आईजवळ, भाजी चिरता चिरता. तिला ती ओमा म्हणायची, म्हणजे आजी.

ओट्टो हेडविगचा भाऊ. रशियात लढायला गेला तो बेपत्ता झाला, त्याला तेरा वर्षं झाली. समोरच्या टेकडीवरचा द्राक्षमळा त्याच्या नावावर होता. मळ्याच्या दगडी बांधांसाठी काढलेलं कर्जही. हप्ते हेडविग भरायची. वेली तीच छाटायची, ढासळलेले बांध तीच रचायची. लग्न करायचं राहूनच गेलं. गेल्या हिवाळ्यात रशियातले शेवटचे युद्धकैदी परत आले. त्यांत ओट्टो नव्हता. आता बँकेची नोटीस आली होती. मळा विकला नाही तर घरही जाणार. आणि विकायचा तर ओट्टो मेला असं आधी कोर्टात लिहून द्यायला हवं.

"मला केव्हाच कळून चुकलंय गं," हेडविग म्हणाली. "पण आई अजून वाट बघते. तिच्यासाठीच ओढलं इतकी वर्षं. तिला धक्का सोसायचा नाही. विचारलं तर सांग, हप्ता भरायला गेलेय. सांगशील ना?"

वसुधा वर आली. "अहो, ओमाशी खोटं कसं बोलू मी?"

"आपण भाडेकरू आहोत. सांगितलंय तेवढं बोल," श्रीरंग मफलर गुंडाळत म्हणाला. "आणि डोळे पूस आधी. तुझा चेहरा म्हणजे वर्तमानपत्र आहे नुसतं."

ओमा नेहमीसारखी खिडकीपाशी बसली होती, मळ्याकडे तोंड करून. कपाटाआड तीच ती बशी होती, मेण लागलेली. दर रविवारी हेडविग चर्चला गेली, की ओमा मेणबत्ती लावायची. सुईत दोरा ओवायला उजेड पुरत नाही, म्हणायची. सोमवारी ती बशी खरवडताना वसुधाची नखं दुखायची.

दुपार टळल्यावर ओमाने विचारलं, "हेडविग कुठे गेलीय?"

"हप्ता भरायला, ओमा."

"काळा कोट घालून?"

वसुधाने शुभाच्या टोपड्याची गाठ सोडली. पुन्हा बांधली.

ओमा सावकाश उठली. तिने कपाटाआडची बशी काढली, मेणबत्ती उभी केली, काडी ओढली. तिच्या हातात सुई नव्हती.

"मागे तू गॅलरीच्या कठड्यावर भात ठेवला होतास," ती म्हणाली. "मी विचारलं होतं का, कोणासाठी?"

वसुधाने मान हलवली. ती सर्वपित्री होती. भात तिच्या वडिलांसाठी होता.

"म्हणून तुला सांगते. सत्तेचाळीस साली ओट्टोच्या तुकडीतला एक जण इथे आला होता. त्यानेच तिकडे पुरलं होतं ओट्टोला."

"आणि हेडविगला...?"

"ती तेव्हा जेवत नव्हती, बोलत नव्हती. सकाळी उठायची ती फक्त मळ्यासाठी. ओट्टो येईल, त्याला मळा नीट मिळाला पाहिजे, म्हणून. तिच्या हातातून तेवढंही काढून घ्यायचं होतं का मी?"

शुभा मांडीवर झोपली होती. ज्योत हलत होती. टेकडीवरच्या वेली आता दिसेनाशा होत चालल्या होत्या.

बाहेर फाटक कुरकुरलं. वसुधा घाईघाईने मेणबत्तीवर फुंकर मारायला वाकली. ओमाने तिचं मनगट धरलं.

"राहू दे आज," ती म्हणाली. "नऊ वर्षं तिची पावलं ऐकली, की मी विझवत आलेय."