सुरुवात कुठल्या अल्बमपासून?

पोहे झाले आणि चंद्रभानरावांनी भक्तीला, आपल्या लेकीला, पाहायला आलेल्या मुलासोबत गच्चीवर धाडलं, "दोघं जरा बोलून घ्या" म्हणून. लग्नानंतर माझ्या नोकरीचं काय, एवढंच तिला विचारायचं होतं. पण त्यानं आपल्या लाडक्या इंग्रजी रॉक बँडचं नाव घेतलं, आणि ऐकलं नाही म्हणून तिनं मान हलवली. झालं! सुरुवात कुठल्या अल्बमपासून करायची, पहिले दोन बायकांना का झेपत नाहीत, चौथा का टाळायचा... तिनं तोंड उघडलं की हा हात वर करून म्हणे, "थांबा, पाचवा राहिलाच!" जिना उतरताना तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.


बोरीच्या फाट्यावरूनच पाहुण्यांचा फोन आला, तसे चंद्रभानराव हरखून ओरडले, "पसंत हाय पोरगी! पोरगा म्हणायलाय, आमी दोघं लय मनमोकळं बोललो!"