पुरं माप

शाळेच्या चौथीच्या वर्गात बाकं एकावर एक रचली होती आणि उरलेल्या जागेत अर्धं गाव बसलं होतं. बाकीचं अर्धं पाचवीच्या वर्गात. खाली वस्तीत अजून छातीएवढं पाणी होतं. देगलूरची वाट बुडालेली, आणि रबरी बोट दुपारशिवाय येणार नव्हती. सकाळचे आठ वाजले होते.

सरजाबाईच्या मांडीवर तिचा नातू प्रेम पडला होता. सव्वा वर्षाचा. कालपासून जुलाब. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. रडत होता, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं. आणखी सहा लेकरांना तेच लागलं होतं, पण त्यांच्यात अजून भांडायची ताकद होती.

"दवाखान्यात न्यावं लागतंय का, शिस्टर?"

"दवाखाना मीच आणलाय, माय," प्रियदर्शनी म्हणाली. उपकेंद्रातली ही नर्स पहाटे कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर खोकं घेऊन आली होती. "दुपारपर्यंत हा मुतला, की आपण जिंकलो. मुतेल. फक्त मी सांगते तसं करायचं."

खोक्यात ओआरएसची पाकिटं होती. एका पाकिटाला एक लिटर पाणी. पाणी खिचडीच्या पातेल्यात उकळून गार करून ठेवलं होतं. लिटर मात्र कुणाकडं नव्हता. सिस्टरची खुणेची बाटली येताना वाहून गेली होती, आणि लेकरांच्या शाळेच्या बाटल्यांवर अस्वलं होती, आकडे नव्हते.

"माप हाय की!" दूधवाला संगप्पा गर्दीतून पुढं आला. घर सोडताना त्यानं दोनच गोष्टी वाचवल्या होत्या, म्हैस आणि दुधाचं माप. बायको आपली आपण आली होती. "सरकारी शिक्क्याचं हाय, बघा. लिटर म्हंजे लिटर."

सिस्टरनं मोठ्या बादलीत दहा मापं ओतली. संगप्पा शेजारी उभा राहून सवयीनं मोजत होता, "लाभ, दोन, तीन…" पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं. मग दहा पाकिटं फुटली. सिस्टर एका हातानं ढवळत बायकांना सांगू लागली.

"घरी केलं तरी ध्यानात ठेवा. पाकिटात मीठ आहे तेवढंच आहे. पाणी कमी पडलं तर ते लेकराला जड जातं. असल्या नाजूक लेकराला तर उलट अपाय. चमचा-चमचा पाजा, पण पाणी पुरं पाहिजे."

संगप्पाचा चेहरा उतरला. त्यानं बादलीकडं बघितलं, मग प्रेमकडं. सिस्टरनं चमचा भरला आणि प्रेमच्या ओठाशी नेला.

"थांबा."

चमचा थांबला.

"एक-एक गिलास कमी हाय," संगप्पा म्हणाला.

"कशात?"

"मापात. बूड आतल्या अंगाला ठोकलंय."

वर्गात बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत रोज त्याच मापानं दूध जात होतं, आणि कुणी कुरकुरलं की संगप्पा शिक्का दाखवायचा.

सरजाबाईनं शांतपणे विचारलं, "च्याचा गिलास, का पाण्याचा?"

संगप्पा खाली बघून म्हणाला, "पाण्याचा."

"आरं तुझ्या तर…" भिंतीकडून कुणीतरी उठलं. सिस्टरनं मान वर न करता हात केला.

"शिव्या दुपारून. बोट आल्यावर सगळ्यांनी मिळून द्या. आता गिलास आणा."

चमचा परत बादलीत रिकामा झाला. गिलास आला. तो संगप्पाच्याच हातात दिला गेला. त्यानं पातेल्यातून पहिला गिलास भरून बादलीत ओतला.

"लाभ," सरजाबाई म्हणाली.

दुसऱ्याला तीन-चार बायका म्हणाल्या, "दोन." पाचव्यापर्यंत सगळा वर्ग मोजत होता. आठव्याला पाचवीच्या वर्गातले लोकही दारात येऊन मोजू लागले, कशासाठी ते न कळताच. दहा झाले. संगप्पानं अकरावा भरला.

सिस्टरनं त्याचं मनगट धरलं. "बास. दानधर्म नको. पुरं म्हणजे पुरं."

मग चमचा-चमचा. प्रेमनं एकदा ओकून टाकलं. सिस्टर म्हणाली, "ओकू द्या, दहा मिनिटं थांबू आणि परत पाजू." दहा मिनिटं थांबले आणि परत पाजलं. साडेअकराला तो रडला, तर गालावरून खरं पाणी आलं. सिस्टरनं ते बोटानं पुसून सरजाबाईला दाखवलं, सराफ सोनं दाखवतो तसं.

एक वाजायच्या आत सरजाबाई ओरडली, "मुतला! मुतला गं माय!" ओलं लुगडं तिनं दोन्ही हातांनी धरून सगळ्यांना दाखवलं. त्या वर्गात पहिल्या नंबराचंही इतकं कौतुक कधी झालं नसेल. सिस्टर तोवर दुसऱ्या लेकराकडं वळली होती.

बाहेर व्हरांड्यात संगप्पा पायरीवर माप ठेवून, आत दगड घालून बूड ठोकत होता. टण. टण. सरजाबाई झोपलेल्या प्रेमला खांद्यावर घेऊन बाहेर आली, तसा त्याचा हात थांबला.

तिनं वाकून मापात बघितलं.

"ठोक," ती म्हणाली. "आवाजानं ह्यो काय उठत न्हाई. ह्या अंगाला अजून राह्यलंय."