पाच बोटांचं पिल्लू

प्रणालीच्या लेकीला अंगठ्याशेजारी सहावं बोट होतं. "पोटात लेकरू असताना ग्रहनात भाजी चिराले इळी धरली हिनं," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नणंद प्राजक्ता अकोल्याला अंड्यातल्या पिल्लांच्या वाढीवर संशोधन करायची. एकदा तिनं सासू-सुनेला बाळासकट प्रयोगशाळेत नेऊन पाच बोटांचं पिल्लू सासूबाईंच्या ओंजळीत ठेवलं. "कोंबडीच्या पायाले चारच असतात ना वं?" त्यांनी विचारलं. "हो, आई. बोटं किती, हे ठरवनारं जनुक कोंबडीचं आन् आपलं एकच, आपले पूर्वज मासे होते तवापासूनचं. त्याचं चालू-बंद होनं जराकसं बदललं, का बोट वाढते." सासूबाईंनी पिल्लाची बोटं पुन्हा मोजली. "याच्या मायनं कोनती इळी धरली?" त्या पुटपुटल्या. परतताना अकोटच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं बाळाचा हात पाहून विचारलं, "ग्रहन पाळलं नाई का?" प्रणालीनं बाळाचा हात पदराखाली झाकला. "माह्या सुनेचा दोष नाई," सासूबाई म्हणाल्या. "सरका, तिले खिडकीपाशी बसू द्या."