चौदा कॅरेट

सराफाने तिच्या पाटल्या कसोटीवर घासल्या आणि ओठ मुडपले. “बावीस कुठल्या ताई, चौदा कॅरेटच्या आहेत. घट धरून जेमतेम निम्मे पैसे हातात पडतील.”

पाटल्या तिच्या लग्नात वडिलांनी स्वतःच्या हातांनी घडवलेल्या. सोनारच ना ते! तिने तिथूनच फोन लावला, तोही स्पीकरवर. “बाबा, पोटच्या पोरीच्या सोन्यातसुद्धा भेसळ केलीत?”

शेजारी नवरा उभा होता. खऱ्या पाटल्या विकून या हुबेहूब पाटल्या त्यानेच गुपचूप कपाटात ठेवल्या होत्या. आता सासऱ्यांनी नुसतं ‘नाही’ म्हटलं की संपलंच सगळं.

पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला.


“चुकलंच माझं, पोरी. जावईबापूंना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका.”